शैवाकांची अर्धी साक्ष

'जेथे शैवाक, तेथे हवा शुद्ध' असे वर्गात सर्रास सांगितले जाते. आमच्या मते हे अर्धसत्य आहे.

शैवाकाला (मसाल्यातले दगडफूल हे त्यांपैकीच) मुळे नसतात. पाणी व क्षार ते थेट पावसातून, हवेतून शोषते. सल्फर डायऑक्साइडमुळे त्यातील शैवालाचे हरितद्रव्य नष्ट होते. याच आधारावर हॉक्सवर्थ व रोझ यांनी १९७० साली इंग्लंड-वेल्समधील हवेची प्रतवारी केली. पण ती मोजपट्टी तेथल्या झाडांची, तेथल्या जातींची आणि मुख्यतः एकाच वायूची. तळोजा औद्योगिक वसाहतीलगतच्या नावड्याला ती जशीच्या तशी कशी लावणार?

शिवाय 'पिक्झिन कोकोज'सारखी जात आपल्या प्रदूषित शहरांतही तग धरते. खोडावर असा एखादा ठिपका पाहून मुलांना 'आपली हवा चांगली' असे सांगणे म्हणजे त्यांना खोटा दिलासा देणे होय.

तेव्हा प्रश्न 'शैवाक आहे का?' हा नसून 'जाती किती, कोणत्या, आणि त्या घटताहेत की वाढताहेत?' हा आहे. नावड्यातील शिक्षकांनी दहा आंब्यांवर खुणा करून दरवर्षी त्याच महिन्यात, खोडाच्या त्याच उंचीवर नोंद घ्यावी. आज नोंद केली नाही, तर दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार?