नकाशाचा धनी कोण?

व्यूहरचनेच्या संगणक-खेळात नकाशा म्हणजे निव्वळ भूमीचे चित्र नव्हे. २००२ साली ब्लिझार्ड कंपनीने ‘वॉरक्राफ्ट ३’ विक्रीस आणला, तेव्हा ‘वर्ल्ड एडिटर’ हे नकाशे रचण्याचे साधनही खेळाडूंच्या हाती दिले. डोंगर, अरण्ये तर मांडता येतातच. शिवाय अमुक घडले की तमुक घडावे, असे नियमही रचनाकारास घालून देता येतात.

२००३ साली ‘यूल’ या टोपणनावाच्या रचनाकाराने ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ हा नकाशा केला. ‘स्टारक्राफ्ट’मधील ‘इऑन ऑफ स्ट्राइफ’ या नकाशाची प्रेरणा त्यामागे होती. तळ वसवणे, फौज उभारणे हा मूळ खेळाचा गाभाच त्याने वगळला. प्रत्येकास एकच वीर आणि शत्रूच्या तळाकडे नेणाऱ्या तीन वाटा! वगळण्याचे हे धैर्य आम्हांस त्या रचनेचे खरे मर्म वाटते. पुढे तो नकाशा जात्यावरच्या ओवीसारखा हातोहाती वाढला. २०१३ साली त्यातूनच व्हॉल्व कंपनीचा ‘डोटा २’ हा स्वतंत्र खेळ अवतरला.

मग २०२० साली ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती निघाली, त्या वेळी ब्लिझार्डने नियम केला : खेळाडूंनी रचलेले नकाशे कंपनीच्याच मालकीचे. वीरांची चित्रे, साधने कंपनीची, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जाते घडवणारा पाथरवट ओवीचा धनी ठरत नाही. रचनाकाराचे नाव तरी त्याच्यापाशी राहावे, एवढाच आमचा आग्रह आहे.