वऱ्हाडातला साहेब: कुतूहल आणि परकेपण

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. उन्हाळा टाळण्यासाठी साहेबांनी चिखलदऱ्यावर बंगले बांधले. पण या मुक्कामाचे मोलाचे फळ वाङ्मयीन आहे. १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरचे संपादक आल्फ्रेड लायल ‘एशियाटिक स्टडीज’ (१८८२) मधील एका निबंधात मेलेल्या माणसाचा देव कसा होतो, हे इथल्याच लोकाचारातून उलगडतात. निरीक्षण आजही ताजे वाटते. मात्र निबंधाच्या शीर्षकात वऱ्हाड नाही. आहे तो केवळ ‘एक हिंदी प्रांत’. त्यांच्याच एका कवितेचे शीर्षक हिंदुस्थानला हळहळीची भूमी म्हणते. ही दोन्ही शीर्षके एकत्र वाचावीत. साहेबाला देव उमगले, गाव आपले झाले नाही. गॅझेटियर जरूर वापरावे. पण त्यात वऱ्हाडी माणूस बोलत नाही, त्याच्याविषयी बोलले जाते.