येनेफर की ट्रिस : एका निवडीची चिकित्सा

आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाची पहिली 'विचर' कथा १९८६ मध्ये एका मासिकात आली. पुढच्या दशकात तिच्यातून कथासंग्रह आणि कादंबऱ्यांची मालिका उभी राहिली. पैसे घेऊन राक्षस मारणारा गेराल्ट हा तिचा नायक. याच कथाविश्वावर पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २००७, २०११ आणि २०१५ साली तीन संगणकीय खेळ काढले. तिन्ही प्रौढांसाठीचे. यांत तलवारबाजी पुष्कळ आहे, पण संवाद वाचणे, ऐकणे आणि गेराल्टने काय उत्तर द्यावे हे निवडणे यातही खेळाडूचा तितकाच वेळ जातो. तिसऱ्या खेळात, 'वाइल्ड हंट'मध्ये, गेराल्टच्या वतीने एक मोठा निर्णय घ्यावा लागतो : येनेफर की ट्रिस? दोघी जादूगारणी, आणि मुळात एकमेकींच्या मैत्रिणी.

या निवडीवरून खेळाडूंत उभे तट पडले आहेत. ट्रिसचे पक्षपाती म्हणतात, ती मायाळू आहे, गेराल्टला समजून घेते. येनेफर मात्र हुकूम सोडते, टोमणे मारते, आपल्या कामासाठी पवित्र उपवन उजाड करायलाही कचरत नाही. येनेफरच्या बाजूला पुस्तके वाचलेली मंडळी अधिक दिसतात. त्यांच्या लेखी हा प्रश्नच गैरलागू आहे. गेराल्ट आणि येनेफर यांची गाठ मूळ कथेतच बसली आहे.

वरवर पाहता हा स्वभावांचा वाद. मला तो स्मृतीचा वाद वाटतो. पहिल्या खेळाच्या आरंभीच गेराल्टची स्मृती गेलेली असते. यात लेखकांची सोय आहे, कारण त्यामुळे कादंबऱ्या न वाचलेला खेळाडू आणि नायक एका पातळीवर येतात. अशा वेळी ट्रिस भेटते. येनेफर ही गेराल्टची कोण, हे तिला पक्के ठाऊक आहे. मालिकेच्या शेवटी रिव्हियातल्या दंगलीत ती येनेफरच्या सोबत होती. तरी ती त्याबद्दल गप्प राहते आणि गेराल्टशी संबंध जुळू देते. वाचकाला यातली लबाडी लगेच दिसते. खेळाडूला ती दिसणार कशी? फसवला गेलेला तोच असतो. दुसऱ्या खेळात गेराल्टला येनेफर आठवते खरी, पण तोवर खेळाडूच्या जवळ दोन खेळांच्या आठवणी साठलेल्या असतात आणि त्या सगळ्या ट्रिसच्या असतात. तिसऱ्या खेळात येनेफर हक्काने बोलू लागते तेव्हा अनेकांना ती आगंतुक वाटते. ती मात्र वीस वर्षांच्या भांडणांचा आणि समेटांचा धागा पुढे चालवत असते.

पहिल्या खेळात आणखी एक प्रकार होता. एखाद्या स्त्रीशी शय्यासोबत झाली की तिच्या चित्राचे पान खेळाडूच्या संग्रहात जमा होई. हा निव्वळ पोरकटपणा. तिसऱ्या खेळात तो नाही, उलट त्याची एक गमतीदार परतफेड आहे. दोघींनाही 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे सांगणाऱ्या गेराल्टला त्या दोघी मिळून पलंगाला बांधतात आणि तसाच सोडून निघून जातात. आपणच तयार केलेल्या संग्राहकाची खेळाने केलेली ही थट्टा मला आवडते.

तिसऱ्या खेळातली ट्रिस दुबळी नाही, हेही नोंदवले पाहिजे. नोव्हिग्राड शहरात जादूगारांना पकडून जाळले जात असताना ती त्यांना जहाजाने बाहेर काढते. माहिती मिळावी म्हणून स्वतः छळाला सामोरी जाते. तिला निवडणाऱ्यांची तक्रार अशी, की धक्क्यावरच्या त्या कबुलीनंतर तिच्या वाट्याला फारसे काही येत नाही. ती रास्त होती. निर्मात्यांनी नंतर तिच्यासाठी जादा संवाद घातले. लेखकांचे मन येनेफरकडे झुकलेले आहे, हे लपत नाही.

या झुकण्यातूनच खेळातला सर्वोत्तम प्रसंग आला आहे. सापकोव्स्की यांच्या 'शेवटची इच्छा' या कथेत गेराल्ट एका जिनाकडे मागणे मागतो आणि त्याचे नशीब येनेफरशी बांधले जाते. मागण्याचे नेमके शब्द वाचकाला कधीच कळत नाहीत. तिसऱ्या खेळात येनेफरच दुसरा एक जिन शोधून काढते आणि तो बंध तोडायला लावते. तिला पाहायचे असते, की जादू गेल्यावर मागे काही उरते का. बंध तुटतो, आणि दोघे डोंगरमाथ्यावर अडकलेल्या एका फुटक्या जहाजावर बसतात. ती म्हणते, तिच्या मनात काहीच बदललेले नाही. गेराल्टचे उत्तर खेळाडूने द्यायचे.

ज्या पात्राच्या प्रेमाचा निर्णय बाहेरचा कोणी बटण दाबून घेणार आहे, तेच पात्र इथे विचारते की बाहेरून लादलेले प्रेम खरे का. जिनाचे काम आता खेळाडूकडे आले आहे. येनेफरला उद्धट म्हणणाऱ्या कित्येकांचे मत या प्रसंगानंतर बदलते. कित्येकांचे बदलत नाही, आणि ते 'आता तसे काही वाटत नाही' हा पर्याय निवडतात. येनेफर तेही ऐकून घेते. सुटकेची वाट तिनेच उघडून दिलेली असते. ट्रिसने पहिल्या खेळात ही वाट मुळीच दाखवली नव्हती.