मधमाशीचे मुखचित्र आणि शेताचा बांध

2021 च्या जागतिक मधमाशी दिनी डॅन विंटर्स यांनी टिपलेले अँजेलिना जोली यांचे छायाचित्र गाजले. त्यात त्यांच्या अंगावर मधमाश्या निवांत बसल्या आहेत. ते पाहून दृष्टी क्षणभर मोहते खरी, पण पाठोपाठ संताप येतो. कारण रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी 1981 मध्ये कॅलिफोर्नियात मधपाळ रोनाल्ड फिशर यांच्या उघड्या देहावर माश्या बसवून जे भयचकित करणारे चित्र निर्मिले, त्याचीच ही सुशोभित आवृत्ती असून माश्यांच्या ऱ्हासाचा तिच्यात लवमात्र दाखला नाही. या चित्रांतली माशी पाळीव आहे, आणि पाळीव माशीच्या पेट्यांची जागतिक संख्या गेल्या अर्धशतकात वाढतच आली आहे. संकटात आहेत त्या रानमाश्या, ज्यांना पेटी नाही, मालक नाही आणि म्हणून त्यांच्या वतीने फिर्याद करणाराही नाही.

रोझ-लिन फिशर यांची माशीची सूक्ष्मदर्शकीय चित्रे, किंवा काळ्या पार्श्वभूमीवर रत्नासारखी मांडलेली अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेची चित्रे, शास्त्राच्या दप्तरी मोलाची असतील; कलेच्या दृष्टीने ती दागिन्यांची छायाचित्रे आहेत. कॅरिन आयग्नर यांच्या 2022 च्या पारितोषिकप्राप्त चित्रात निदान टेक्सासची तापलेली माती तरी दिसते.

माझा पक्षपात केव्हिन फ्रेयर यांच्याकडे आहे, आणि तो मी लपवीत नाही. 2016 मध्ये त्यांनी चीनच्या सिच्वान प्रांतातील हान्युआन येथे नासपतीच्या बागा टिपल्या. पांढऱ्या फुलोऱ्यात चढलेली माणसे हातातील काठीने एकेका फुलाला परागकण लावीत आहेत. चौकटीत माशी कोठेही नाही, आणि तिची अनुपस्थिती मात्र प्रत्येक फांदीवर आहे. त्या मुलखात कीटकनाशकांची फवारणी इतकी, की मधपाळ आपल्या पेट्या बागेत ठेवण्यास राजी होत नाहीत, ही सारी कारणपरंपरा त्या माणसांच्या ताणलेल्या मनगटांत उतरली आहे. जे नाही ते दाखविणे हे छायाचित्रकलेचे सर्वांत कठीण कर्म, आणि ते येथे रोजंदारीच्या श्रमातून साधले आहे.

अशी दृष्टी घेऊन कोणी जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात यावे. जालना हा बियाण्यांचा जिल्हा. येथे स्त्रिया हातांनी कपाशीचे 'क्रॉसिंग', म्हणजे संकरासाठी परागण, करतात. परंतु ती संकराची गरज आहे, माशीच्या अभावाचा पुरावा नव्हे, आणि जो छायाचित्रकार हा भेद न जाणता त्या हातांखाली 'मधमाशी नष्ट झाली' असे लिहील, तो सहानुभूतीच्या नावाखाली खोटी साक्ष देईल. खरी कसोटी कांद्याच्या संकरित बियाण्याच्या शेतात आहे, जेथे मादी वाणाच्या गोंड्याला स्वतःचा पराग नसतो आणि माशी आली नाही तर बी भरत नाही. जवळच्या अजिंठ्याच्या कड्यांवर आग्यामोहोळे लोंबतात. त्यांची चित्रे छापली जातात ती बहुधा पर्यटकांवर हल्ला झाल्यावर, आणि माशी तेथे आरोपी म्हणून उभी राहते.

कोणी म्हणेल की कलेने प्रथम प्रेम जागवावे, पुरावे मागाहून. मला हे मान्य नाही. फुलोरी माशी बोरी-बाभळीच्या फांदीवर एकच पोळे बांधते, आणि कित्येक एकाकी माश्या शेताच्या बांधासारख्या न नांगरलेल्या जमिनीत बिळे करतात. म्हणजे बांध कोरला गेला, झुडूप तोडले गेले आणि इमिडाक्लोप्रिड चोळलेले कपाशीचे बी बांधाला खेटून पेरले गेले, तर त्यांचे घरदार आणि अन्न एकाच हंगामात धोक्यात येते. माशीच्या डोळ्यांवरील केस मोजून ही हकीकत सांगता येत नाही. त्या हकीकतीला पंचनाम्यासारखे छायाचित्र हवे: तोच बांध, तीच उभे राहण्याची जागा, दर वर्षी फुलोऱ्याचा तोच पंधरवडा, आणि चित्राखाली गट क्रमांक व तारीख. पारितोषिके देणारी मंडळे अशा चित्रमालेला रूक्ष ठरवतील, तर त्यांनी आपल्या स्पर्धांच्या नियमांतून 'संवर्धन' हा शब्द काढून टाकावा आणि रूपाची पारितोषिके रूपाच्याच नावाने द्यावीत.