पिशवी कोण धरणार?

मराठीत कवितासंग्रहांची समीक्षा होते, आत्मचरित्रांची होते, दिवाळी अंकांची तर अंक हातात पडायच्या आत होते. पण ‘प्रवासाला न्यायच्या सामानाची यादी’ ह्या वाङ्मयप्रकाराकडे आमच्या समीक्षकांनी कधी ढुंकूनही पाहिलेलं नाही. वास्तविक मध्यमवर्गीय घरात सर्वांत जास्त वाचलं जाणारं वाङ्मय तेच. ज्ञानेश्वरी कपाटात असते. यादी फ्रिजच्या दारावर असते, आणि निघायच्या आदल्या रात्री घरातली सगळी माणसं उभ्याउभ्या तिचं सामुदायिक पारायण करतात. मी बी.कॉम. असल्यामुळं साहित्यावर बोलायचा मला अधिकार नाही, हे मान्य. पण यादीवर आहे. गेली तेवीस वर्षं बँकेत मी याद्या ताडून पाहण्याचाच पगार घेतो.

ह्या समीक्षेला निमित्त घडलं ते असं. माझी मेहुणी फ्लॉरिडात टॅम्पाला असते. तिथून गाडीनं दीडेक तासावर, ऑर्लँडोजवळ, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलेलं, सुमारे शंभर चौरस किलोमीटरवर पसरलेलं आणि पोटात चार स्वतंत्र उद्यानं बाळगणारं. (‘उद्यान’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एक घसरगुंडी, दोन झोपाळे आणि फाटकाशी भेळवाला येतो. ही कल्पना विमानातच उतरवून ठेवावी लागते.) आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून तिनं आणि साडूंनी आम्हाला बोलावलं. चिरंजीवांना विचारलं, तर मान वर न करता ते म्हणाले, “बाबा, तुम्ही दोघंच जा. मला परीक्षा आहे.” अठरा वर्षांत प्रथमच त्यांनी परीक्षेचा विषय आपण होऊन काढला होता. हे ऐकून मेहुणी फोनवर ओरडली, “मस्तच की भाऊजी! मग ओन्ली अ‍ॅडल्ट्स ट्रिप करू!”

मी हे रजेच्या अर्जात प्रामाणिकपणे ‘फक्त प्रौढांसाठी असलेल्या सहलीकरिता’ असं लिहिलं. साहेबांनी अर्ज वाचला, दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “काय हो, घरी माहीत आहे ना?” मी उंदराला भेटायला चाललोय आणि बायको बरोबर आहे, हे पटवायला मला दहा मिनिटं लागली.

तसं ‘प्रौढ’ ह्या शब्दाबद्दल फार अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. डिस्ने वर्ल्डच्या तिकिटाच्या हिशेबात माणूस दहाव्या वर्षी प्रौढ होतो. तिनाच्या आत फुकट, तीन ते नऊ मूल, दहापासून पुढं पूर्ण तिकीट. आपली एसटीसुद्धा बारापर्यंत अर्ध्या तिकिटावर नेते. म्हणजे आमच्या शेजारचं पाचवीतलं कार्टं आणि मी, तिथं एकाच रकान्यात.

असो. तर मेहुणीनं दोन याद्या पाठवल्या. पहिली एका प्रवासी कंपनीच्या पुस्तिकेतली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘मुलांविना सहल’ असं छापलं होतं. पण वाचताना पहिल्या पाच मिनिटांतच माझ्यातला क्लार्क जागा झाला. ही यादी स्वतंत्र नव्हती. सहकुटुंब सहलीची जुनी यादी घेऊन त्यातल्या पोरांवर नुसती रेघ मारलेली होती. बाबागाडी गेली होती, पण बाबागाडीवर टाकायचं प्लॅस्टिक राहिलं होतं. दुधाची बाटली गेली होती, पण ओले रुमाल, खाऊचे डबे, कपड्यांचा जादा जोड, मनगटावर बांधायची नावपत्त्याची पट्टी हे सगळं जागच्या जागी. खातं बंद केलं, पण शिल्लक पुढच्या पानावर ओढली, असला प्रकार. मोठ्या माणसाला काय लागतं ह्याचा विचार त्यात कुठंच नाही. मूल वजा केल्यावर जे उरतं त्याला कंपनी मोठा माणूस समजते.

दुसरी यादी खरं साहित्य होती. मेहुणीच्या शेजारी एक बाई राहतात. मूळच्या मिनेसोटाच्या. दर वर्षी नवऱ्याला घेऊन डिस्नेला जातात, आणि त्या अनुभवातून त्यांनी एकेचाळीस कलमांची यादी केली आहे. प्रत्येक कलमामागं भोगलेलं दुःख आहे. अधूनमधून तोल मात्र जातो. उदाहरणार्थ, हवा दमट असते, घाम येतो, गर्दी फार, रांगेत तासभर उभं राहावं लागतं, मनाची तयारी ठेवा, असं त्यांनी पाव पान लिहिलंय. बाई बर्फातून आलेल्या. त्यांना हे आवर्जून सांगावंसं वाटणं स्वाभाविक आहे. मी डोंबिवलीहून आलोय. तेवीस वर्षं मी ह्याच गोष्टीचा मासिक पास काढतो. जूनमध्ये तिथं रोज दुपारी गडगडाट करून पाऊस कोसळतो, म्हणून छत्री नको, अंगावर घालायचा पातळ रेनकोट घ्या, हे कलम मात्र उत्तम. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि त्या वेळी हजारो माणसं एकदम एका छपराखाली शिरतात. तिथं छत्री उघडणाऱ्या माणसाविषयी काय बोललं जातं ते भाषा न समजताही समजतं.

पण ह्या यादीचा कळस म्हणजे कलम तीन. ‘नवे बूट घालू नका. वापरून मऊ झालेले दोन जोड घ्या, दिवसाआड बदला. मोजे तिप्पट घ्या, आणि फोडावर लावायच्या पट्ट्या बॅगेत नव्हे, खिशात ठेवा.’ मी हे कलम वाचलं, मान डोलावली आणि प्रवासासाठी म्हणून खास नवे बूट विकत घेतले. परदेशात जायचं आणि जुने बूट? पहिल्या दिवशी माझ्या फोननं सतरा किलोमीटर चाललो असं दाखवलं. बारा किलोमीटरनंतर माझ्या टाचांना जो साक्षात्कार झाला तो ग्रंथ वाचून होत नाही. संध्याकाळी मी बाईंच्या कलम तीनपुढं मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. प्रत्यक्ष घालणं शक्य नव्हतं, वाकवत नव्हतं.

काय नेऊ नये हा भागही बाईंनी नेटका लिहिला आहे. काचेची बाटली चालत नाही, घडीची खुर्ची चालत नाही, सेल्फीची काठी चालत नाही, आणि चौदा वर्षांवरच्या माणसानं परीकथेतला वेष करून यायचं नाही. शेवटची अट वाचून मला जरा वाईट वाटलं. माझा तसा काही बेत होता म्हणून नव्हे. पण बंदी आहे म्हटल्यावर वाटतं. काचेमुळं आमची लोणच्याची बरणी बाद झाली. घरचं खाणं मात्र आत नेऊ देतात, शिजवायची-तापवायची गरज नसली की झालं. तेव्हा मेथीचे पराठे तपासणीतून सन्मानानं आत गेले. प्यायला बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर फुकट मिळतं. ही माहिती मी यादीत लाल शाईनं अधोरेखित केली. चहासाठी आम्ही विजेची छोटी किटलीही नेणार होतो, पण साडूंनी अडवलं. तिकडं व्होल्टेज आपल्या जेमतेम निम्मं, आणि व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता चौथाई. म्हणजे सकाळचा चहा दुपारी.

आता दोष. पहिला दोष म्हणजे एकेचाळीस कलमांत चाळिशी नाही. तिथं तिकीट फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, जेवणाची ऑर्डर फोनमध्ये, रांगेत पुढं जायचे जादा पैसे भरायचे तेही फोनमध्ये, आणि सगळं मुंगीच्या अक्षरांत. पोरं बरोबर असली की फोन त्यांच्या हातात देऊन आपण लांब बघत उभं राहतो. पोरं नसली की दोन प्रौढ फोन हातभर लांब धरून एकमेकांना विचारत राहतात, “तो तीन आहे की आठ?”

दुसरा दोष मूलभूत आहे. दोन्ही याद्या पिशवीत काय भरावं ते सांगतात. पण सगळे राइडवर बसल्यावर ती भरलेली पिशवी कोण धरणार, ह्याबद्दल अवाक्षर नाही.

इथं मला थोडा आत्मचरित्राचा आधार घ्यावा लागेल. मी पिशवी धरणारा माणूस आहे. चिरंजीव दोन वर्षांचे असताना गावच्या जत्रेत मी प्रथम आकाशपाळण्याखाली पिशवी धरून उभा राहिलो. मग गोराईच्या एस्सेलवर्ल्डला धरली, खोपोलीजवळ इमॅजिका झाल्यावर तिथं धरली. माझी पद्धत ठरलेली. बाक शोधायचा, सावली बघायची आणि उदारपणे म्हणायचं, “जा तुम्ही, मी आहे सामानापाशी.” लोकांना वाटायचं, काय प्रेमळ बाप! खरी गोष्ट अशी की मला भयंकर भीती वाटते. आकाशपाळणा वर जाताना नुसता बघितला तरी माझ्या पोटात कॅश टॅली न झाल्यासारखं होतं. पिशवी हे माझं अठरा वर्षांचं सुरक्षित तारण होतं. आणि मी खाली म्हटल्यावर लहान पोराबरोबर ही जायची ती लहान पोरांच्याच पाळण्यात. मोठ्या राइडकडे ती मान वर करून बघत असे. ती उंचीला घाबरते, अशी माझी समजूत होती.

ह्या बाकाला इतिहास आहे बरं का. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली मेरी-गो-राउंडवर आणि आपण बाकावर, असं बसल्याबसल्या वॉल्ट डिस्नेला सुचलं की आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी जागा हवी. ही हकीकत तो स्वतः सांगत असे. त्यातून १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड झालं, आणि पुढं हे फ्लॉरिडाचं. थोडक्यात, माझ्यासारख्याला बाकावरून उठवायला हा सगळा खटाटोप. पुढं १९८९ साली डिस्ने वर्ल्डमध्ये निव्वळ मोठ्यांसाठी ‘प्लेझर आयलंड’ नावाचा रात्रीच्या क्लबांचा भागही काढून झाला. २००८ मध्ये ते क्लब बंद झाले. माझं मत विचाराल तर, मोठी माणसं तिथं मोठी व्हायला जातच नसावीत. आणखी गंमत म्हणजे खाली थांबणाऱ्याची तिथं अधिकृत सोय आहे. पोर राइडसाठी लहान असेल तर एकानं त्याच्यापाशी थांबायचं, दुसऱ्यानं जाऊन यायचं, मग पहिल्यानं पुन्हा सगळी रांग न लावता जायचं. पण त्याला पोर लागतं. नुसती पिशवी दाखवून चालत नाही. मी चौकशी केली.

तिसरी यादी हिची. निघायच्या आदल्या दिवशी ती मला जुन्या पे-इन स्लिपच्या पाठीमागे सापडली. वर बाईंची एकेचाळीस कलमं मराठीत उतरवलेली आणि एकामागून एक खोडलेली. जादा जोड खोडला. पंखा खोडला. खाऊचे डबे खोडले, पराठे ‘फॉइलमध्ये, दुपारच्या आत संपवणे’. शेवटी उरलं होतं ते एवढंच: फोडाच्या पट्ट्या, दोन पातळ रेनकोट, फोन, त्याची बॅटरी, यांच्या बी.पी.च्या गोळ्या, यांची चाळिशी. आणि खाली, ‘गळ्यात अडकवायची छोटी पर्स. पिशवी नको.’

“अगं, पिशवी नाही?” मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“नाही.”

“मग सामान?”

“अहो, कुणाचं? दोघांचंच तर आहे.”

“पण कुणीतरी खाली थांबायला नको का?”

हिनं बॅगेची चेन लावली. “अठरा वर्षं थांबलात की,” ती म्हणाली. “मला तो हिमालयाचा करायचाय. आणि एकटीनं नाही करायचा.”

बॅगा तोलायचा काटा हातात घेऊन मी बराच वेळ तसाच उभा होतो. हिला तो करायचाय, हे मला ठाऊक नव्हतं. ‘कधीपासून?’ असंही विचारता आलं नाही, कारण उत्तरात जत्रेपासूनचा हिशेब निघाला असता आणि तो मला महाग गेला असता.

हिमालयाचा म्हणजे अ‍ॅनिमल किंगडममधला एक्स्पिडिशन एव्हरेस्ट. २००६ पासून चालू आहे. जवळजवळ दोनशे फूट उंचीचा कृत्रिम डोंगर, त्याच्या पोटातून आगगाडी. आता बघा, खऱ्या हिमालयाच्या पायथ्याशी मला बँकेनं एलएफसीवर स्वखर्चानं पाठवलं असतं. परदेशाला ती सवलत लागू नाही; वाटेत परदेश घुसवला तरी करमाफी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंच नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगून टाकलंय. म्हणजे फुकटचा खरा हिमालय सोडून, पदरचे पैसे घालून, मी फ्लॉरिडातल्या खोट्या हिमालयावर घाबरायला गेलो. किमान उंची चव्वेचाळीस इंच हवी, अशी पाटी होती. पहिल्या फटक्यात पास झालो अशी माझ्या आयुष्यातली ही एकमेव परीक्षा. जेएआयआयबीला तीन वेळा बसलो होतो.

रांगेत मी आशेनं सगळीकडे पाहिलं. कुणाची तरी पिशवी, एखादी रडणारी मुलगी, एखादे थकलेले आजोबा. कुणालाच माझी गरज नव्हती. गाडीत बसलो, मांडीवर दांडा आला. वर चढेपर्यंत ठीक होतं. वर जाऊन गाडी थांबते, समोर रूळ उखडून वेडेवाकडे झालेले दिसतात, आणि मग ती आली त्या दिशेनं, उलटी, अंधारात सुटते. त्यापुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. शेजारून एक बाई जोरजोरात हसत होत्या. वीस वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता, त्यामुळं ती ही आहे हे कळायला मला अर्धा डोंगर लागला.

बाहेर पडताना तिथं पडद्यावर आपला फोटो दाखवतात. मला नीट दिसेना. हिनं पर्समधून माझी चाळिशी काढून देण्यासाठी हात गळ्याशी नेला, आणि पर्स तिच्या गळ्यात नव्हती. मग आम्ही दोघांनी फोटो पाहिला. ही दोन्ही हात वर करून, तोंड उघडून हसते आहे. शेजारी माझे डोळे गच्च मिटलेले, आणि तिची ती छोटीशी पर्स मी दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलेली आहे.