चांदण्यापलीकडचा बीथोव्हन

‘मूनलाइट सोनाटा’ हे नाव बीथोव्हनचे नव्हे. १८०१ साली रचलेल्या या कृतीला त्याने केवळ ‘फँटसीवजा सोनाटा’ म्हटले होते. चांदण्याची उपमा समीक्षक रेलश्टाब याची आणि नाव रूढ झाले ते बीथोव्हनच्या मृत्यूनंतर. या नावाने कृतीला कीर्ती दिली, तसा अन्यायही केला, असे आम्हांस वाटते. आपण पहिल्या संथ भागापाशीच रेंगाळतो. परंतु तेथे हळुवार चढणारे स्वर तिसऱ्या भागात वादळासारखे उसळतात. त्याच १८०१ च्या जूनमध्ये बीथोव्हनने आपल्या वाढत्या बहिरेपणाची व्यथा मित्राला पत्रातून कळविली होती. दुःख सोसणे आणि दुःखाशी झुंजणे, दोन्ही येथे एकत्र नांदतात. म्हणूनच ही कृती शिळी होत नाही. वाचकहो, ती अखेरपर्यंत ऐकावी!