रहस्य आधीच फुटते

सांगलीच्या एका महाविद्यालयात शिकणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी सातारला आली आणि तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. कागदावर गुणांचा आकडा होता, पन्नासांपैकी सत्तावीस, आणि त्याखाली तांबड्या शाईत तीन शब्दांचा शेरा होता : 'रहस्य आधीच फुटते.' परीक्षेसाठी तिच्या वर्गातल्या पाच जणांनी मिळून चौदा मिनिटांचा एक रहस्यपट केला होता, त्यावरचा हा शेरा. दिग्दर्शन आणि संकलन हिचे, कथा माझी. तेव्हा पुढील मजकुराला परीक्षण म्हणावे की आरोपीचा जबाब म्हणावे, हे वाचकांनी ठरवावे.

माझी ओळख थोडक्यात अशी. मी साताऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण दहावीपर्यंत, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका तेवढी घेतली. उरलेल्या वेळात रहस्यकादंबऱ्या लिहितो. लहानपणी वाचनालयातून आणलेल्या बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांनी माझा गणिताचा अभ्यास बुडवला. झुंझार आणि काळापहाड यांच्या संगतीत मी एकच धडा शिकलो : शेवटच्या पानापर्यंत वाचकाला काही कळू द्यायचे नाही. अर्नाळकरांपाशी घेण्यासारखे आणखी पुष्कळ होते, ते मला दिसले नाही. दोष त्यांचा नव्हे.

त्या मुलीने कथा मागितली तेव्हा मी याच धड्यावर एक बेतून दिली. सांगलीच्या गावभागात नदीकाठच्या जुन्या घरात एक वृद्ध आत्या एकटी राहते. पूर चढतो आहे. साताऱ्याहून भाचा तिला न्यायला येतो. रात्र पडते, रस्ता बंद होतो, पाणी उंबऱ्याशी येते. माडीवर जायचे तर जिन्याच्या दाराला कुलूप आणि किल्ली सापडत नाही. दोघे मिळून घरभर शोधतात. भाचा आत्याला धीर देतो, तिच्या खांद्यावर शाल घालतो. अखेरच्या क्षणी त्याच्या खिशातून किल्ली डोकावते. घर त्याला हवे आहे. आल्याबरोबर त्यानेच कुलूप घातले होते. हा शेवट मला इतका आवडला होता की दोन दिवस मी तो कोणालाच सांगितला नाही.

चित्रण पावसाळ्यात झाले. घाट आणि नदी सांगलीची, घराचा आतला भाग साताऱ्यातल्या एका पडक्या वाड्याचा. भाचा सांगलीत दारातून आत शिरतो आणि साताऱ्यात ओटीवर उभा राहतो, मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर, आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चित्रपटाची ही लबाडी मला फार मोहक वाटते. कॅमेरा म्हणजे मोबाइल. पाऊस बागेच्या नळीचा. पूर दाखवण्यासाठी फरशीवर ताडपत्री अंथरून कडेने विटा लावल्या आणि चार बोटे पाणी साठवले. मुले पायाने ते हलवत राहिली. प्रत्येक शॉटचे चित्र मी आधी काढून दिले होते, त्यातली निम्मी त्यांनी बाजूला ठेवली आणि बरे केले. आत्याचे काम आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी केले. त्यांनी एका प्रसंगात स्वतःच्या मनाने एक वाक्य घातले, ते मी हट्टाने काढायला लावले, कारण त्याने रहस्य फुटले असते. त्या वाक्याकडे मी पुढे येतो.

पहिला प्रयोग आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत, भिंतीवर पांढरी चादर लावून झाला. वीस-पंचवीस मंडळी होती. किल्ली दिसली तेव्हा "अच्छा, असं आहे होय!" असा एक सामुदायिक उद्गार निघाला आणि सगळे चहाकडे वळले. चौदा मिनिटांत एकाचाही श्वास अडकला नव्हता. भाच्याचे शाल पांघरणे लोकांना केवळ शाल पांघरणे वाटले होते, आणि किल्लीचा शोध हा कोणाही घरात रोज होणारा किल्लीचा शोध वाटला होता. कप गोळा करता करता शाळेचे शिपाई मला म्हणाले, "सर, किल्ली पयल्यापासनं त्याच्याकडंच हुती व्हय? मग आधीच दावायची की. आमी जरा भ्यालो तरी असतो."

मी त्या वेळी हसलो. मुलगी हसली नाही. ती त्याच रात्रीच्या गाडीने सांगलीला गेली.

आपल्या भाषेनेच आपल्याला थोडे फसवले आहे असे मला आता वाटते. अशा चित्रपटाला आपण 'रहस्यपट' म्हणतो, आणि रहस्य म्हटले की ते राखलेच पाहिजे, अशी समजूत होऊन बसते. पण ज्या अवस्थेसाठी लोक तिकीट काढतात तिला आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहे : जीव टांगणीला लागणे. अज्ञानाने जीव टांगणीला लागत नाही. पोरगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही आणि घाटात अपघात झाल्याचे आईच्या कानावर आले, म्हणजे तिचा जीव टांगणीला लागतो. ज्या आईला अपघाताची वार्ताच नाही ती शांत झोपते. आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाशी झालेल्या प्रदीर्घ संवादात टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला देऊन हेच सांगितले. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तो आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि माणसांना टेबलाशी गप्पा मारत ठेवले तर पंधरा मिनिटांची घालमेल.

परंतु यासाठी हिचकॉकपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. ही मुले ज्या गावात शिकतात त्याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. राम धनुष्य उचलणार, हे ठाऊक नसलेला एक तरी प्रेक्षक तेथे असेल काय? तरी रावण धनुष्याला हात घालतो तेव्हा माणसे पुढे सरकून बसतात. त्याच सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणले. त्यात लोकांना कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली, हे सर्वश्रुत आहे. पण राजकारण क्षणभर बाजूला ठेवून मूळ महाभारतातला प्रसंग पाहा. नर्तनशाळेत अंधार. शय्येवर कोणी पांघरूण घेऊन निजले आहे. कीचक सुगंधी उटणी लावून, मनात मांडे खात येतो आहे. पांघरुणाखाली भीम आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक, फक्त कीचकाला नाही. त्याचे एकेक पाऊल आपण मोजतो. आता व्यासांनी भीमाची गोष्ट लपवली असती तर काय उरले असते? एक दचकणे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' या मूकपटात हा वध दाखवला, तो इतका जिवंत वठला की पुढे त्यास कात्री लागली.

शेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल तर याच यंत्रावर हसवतात. 'संशयकल्लोळ' नाटकात अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती कशी आली, हे आपल्यासमोर घडते. फाल्गुनरावासमोर घडत नाही. तेवढ्या एका फरकावर सारे नाटक उभे आहे. 'झुंझारराव' हे त्यांचे नाटक शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून घेतलेले, तेथे हाच फरक रडवतो. म्हणजे हसणे, रडणे आणि भिणे या तिन्ही दारांना एकच किल्ली लागते, आणि ती प्रेक्षकाच्या हाती आधी द्यावी लागते. मी मात्र ती भाच्याच्या खिशात कोंबून बसलो होतो.

आणि सांगलीकरांना टांगणी म्हणजे काय हे नाटकाने शिकवावे लागतच नाही. वर आमच्या जिल्ह्यात कोयनेचे धरण. ते भरत आले की दरवाजे उचलतात. ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि काही तासांनी सांगलीला पोहोचते. दरवाजे उचलल्याची बातमी आधीच आलेली असते. मग लोक १९२९ सालच्या आयर्विन पुलाकडे पाहत बसतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. काय येणार ते ठाऊक, कोठून येणार ते ठाऊक. किती आणि कधी, एवढेच ठाऊक नाही. या माणसांना मी पुराची गोष्ट सांगायला निघालो होतो, आणि तीत पाणी कोठून येते तेच लपवले होते!

त्या मुलीने सांगलीला जाऊन नवीन काहीच चित्रित केले नाही. फक्त क्रम बदलला. भाचा कुलूप घालून किल्ली खिशात टाकतो, हा शॉट पूर्वी अखेरीस स्मृतिरूपाने येत होता, तो तिने तिसऱ्या मिनिटाला आणून ठेवला. तेवढ्याने बाकीची अकरा मिनिटे निराळी झाली. शाल पांघरण्याचा तोच शॉट आता पाहवत नाही. आत्या डब्यात, देव्हाऱ्यात, उशीखाली हात घालते आणि भाचा "इथं बघितलंस का?" म्हणून विचारतो, तेव्हा अंगावर काटा येतो. पाण्यावर तरंगणारे एक पातेले भिंतीला टकटक आपटत राहते. पहिल्या प्रयोगात तो आवाज कोणाच्या कानीही पडला नव्हता. दुसरा प्रयोग सांगलीत गावभागातल्याच एका घराच्या सोप्यावर झाला. मी हजर होतो. नवव्या मिनिटाला एक आजी पडद्याकडे हात करून मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, त्याच्या खिशात बघ की!" कोणी हसले नाही.

दोष आहेत, ते सांगितले पाहिजेत. पार्श्वसंगीत अनावश्यक आणि जागोजागी आहे. विकतच्या ढगांचा गडगडाट त्या पातेल्यापुढे केविलवाणा वाटतो. भाच्याची दाढी एका शॉटमध्ये वाढलेली आणि पुढच्यात घोटलेली आहे. संवाद पुस्तकी आहेत, तो अपराध माझा. बुडायला आलेली बाई 'तथापि' म्हणत नाही. भाच्याला घर कशासाठी हवे आहे हे एका वाक्यात उरकले आहे, त्यामुळे तो नुसता दुष्ट राहतो, गरजू होत नाही. या कारणांसाठी कोणी गुण कापले असते तर मी मान लववली असती.

परंतु शेरा 'रहस्य आधीच फुटते' असा आहे, आणि तो मला मान्य नाही. विद्यार्थ्यांनी याच वाटेने जाऊन यश मिळवल्याचे उदाहरण दूर नाही. प्रभातच्या जागेवर १९६० साली पुण्यात जी चित्रपटसंस्था उभी राहिली, तेथे विधू विनोद चोप्रा यांनी विद्यार्थिदशेत 'मर्डर अॅट मंकी हिल' हा लघुपट केला. मंकी हिल म्हणजे आपल्या बोरघाटातलेच ठिकाण. एक भाडोत्री मारेकरी, आणि जिला मारायचे तिच्यावरच त्याचे मन जडते. तो मारेकरी आहे हे आपल्याला कळलेले असते. म्हणून त्यांचे बोलणेचालणे साधे राहत नाही. या लघुपटाला १९७६ सालचा प्रायोगिक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पारितोषिकाचे चार हजार रोख मिळतील अशी त्यांची अपेक्षा होती, हाती मात्र पोस्टाचे मुदतीचे रोखे पडले, हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगतात. पुढे १९८१ साली याच कथेवर त्यांनी 'सजा-ए-मौत' हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढला.

लपवण्याला काही स्थान नाही असे मला म्हणायचे नाही. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) या चित्रपटात आरोपी बाई त्या वकिलाची पत्नी आहे की नाही, हे शेवटपर्यंत झाकलेले आहे. पण वकिलाचे पत्नीवर किती प्रेम होते, ते झाकलेले नाही. त्या उघड्या गोष्टीवर झाकलेली गोष्ट तोलली आहे. माझ्या कथेत सारेच झाकलेले होते.

आता ते बाईंचे वाक्य. क्रम बदलल्यावर किल्लीचा शेवट वापरता येईना. तेव्हा त्या मुलीने मी फेकायला लावलेला शॉट शोधून काढला आणि अखेरीस जोडला. तो मी येथे बिनदिक्कत सांगतो, कारण चित्रपट पाहताना त्याने काही बिघडत नाही. पाणी गुडघ्याला लागले आहे. दोघे चिंब भिजली आहेत. आत्या भाच्याचे दोन्ही हात हातात घेते, ते उलटेपालटे करून पाहते आणि म्हणते, "उजवा हात तेवढा कोरडा कसा रे तुझा?" पडदा काळा होतो. पातेले टकटक वाजत राहते.

मी तिला फेरतपासणीचा अर्ज करण्यास सुचवले. ती म्हणाली, "राहू दे सर. तुमच्या नव्या कादंबरीत खुनी कितव्या प्रकरणात कळतो?" मी म्हटले, बाविसाव्या. "दुसऱ्यात नाही का कळणार?" हस्तलिखित पूर्ण होऊन तीन महिने झाले आहेत. प्रकाशकांची दोन पत्रे आली. अजून मी ते पाठवलेले नाही.